कटिबंधाची सजावट : खान्देशातील नृत्यवेशातील हस्तनिर्मित कमरपट्ट्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खान्देशच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने राजकीय आणि आर्थिक अंगाने झालेले आहे. फारुकी राजवट, मोगल सुभा, मराठ्यांचा अंमल, १८१८ मध्ये आलेली इंग्रजी सत्ता, भिल्लांचे उठाव, कापसाचा व्यापार आणि १९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन हे विषय अभ्यासकांनी पुष्कळ तपशिलाने मांडले आहेत. त्या तुलनेने येथील माणसांनी अंगावर काय ल्याले, ते कोणी घडविले आणि त्यासाठी लागणारे साहित्य कोठून आले, या प्रश्नांकडे कमी लक्ष गेले. दागिन्यांचा विचार झाला तोही सोन्याचांदीच्या वजनाच्या अंगाने. कापड, दोरा, कवडी, मणी, घुंगरू आणि भोपळा यांपासून हाताने केलेल्या वस्तू टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या नोंदीही टिकल्या नाहीत.

अशा वस्तूंपैकी नृत्याच्या वेळी कमरेला बांधावयाचा पट्टा ही एक महत्त्वाची वस्तू होय. तमाशातील कमरपट्टा, बंजारा स्त्रीच्या घागऱ्याची भरतकाम केलेली कंबरपट्टी, सातपुड्यातील होळीत नाचणाऱ्या बुध्याच्या कमरेचे भोपळे व घुंगरू आणि पोतराजाचे आभरान ही तिची चार रूपे होत. पाश्चात्त्य देशांत ‘बेली डान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरबी नृत्यातील मण्यांचा व नाण्यांचा पट्टा हे तिचे जगप्रसिद्ध रूप आहे. या सर्व पट्ट्यांच्या सजावटीचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) खान्देश आणि लगतच्या प्रदेशातील नृत्यविषयक कमरपट्ट्यांचे साहित्य व रचना समजून घेणे.
२) या सजावटीत व्यापार, चलन व दळणवळण यांतील बदलांचे प्रतिबिंब कसे पडले ते पाहणे.
३) पट्टा घडविणारा, पट्टा बांधणारा आणि पट्टा पाहणारा समाज यांच्यातील संबंध तपासणे.
४) ही कला नोंदविताना कोणती दक्षता घ्यावी याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक, वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे. भडगाव हे गिरणाकाठचे तालुक्याचे गाव या अभ्यासाचे केंद्रस्थान मानले आहे. त्याच्या दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे, तर उत्तरेस तापीचे खोरे ओलांडल्यावर सातपुडा लागतो. पूर्वीचा खान्देश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन भागांत विभागला गेला. पुढे त्यांचे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सांस्कृतिकदृष्ट्या हे तिन्ही जिल्हे येथे एक प्रदेश मानले आहेत.

मणी आणि दोरा : गिरणा खोऱ्यातील प्राचीन पुरावा

सजावटीचा पट्टा म्हणजे मूलतः मणी, दोरा आणि ते ज्यावर बसवायचे तो आधार. यांपैकी मण्याचा पुरावा या परिसरात फार जुना आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी आणि रेषांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. या अवशेषांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. कवच फोडणे, तुकडा गोल घासणे आणि त्यास बारीक भोक पाडणे ही कामे धातूच्या अवजारावाचून करणारा माणूस सातमाळ्याच्या पायथ्याशी राहत होता, हे यावरून स्पष्ट होते. त्याच चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९५० च्या दशकात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वसाहतींचे थर आढळले.

या मण्यांचा उपयोग गळ्यात, मनगटावर की कमरेवर होत होता, हे केवळ मण्यावरून ठरत नाही. याचे कारण दोरा नष्ट होतो. ही मर्यादा पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवली पाहिजे. टिकाऊ भाग हाती लागतो, पण ज्या दोऱ्याने व गाठीने त्याचा अलंकार बनतो तो भाग हरवतो. ओवण्याचे हे काम पुढे पटवेकरी या व्यावसायिक जातीकडे आले. सोनाराने घडविलेले मणी रेशमात गाठवून देणे, गोंडे करणे आणि गोफ विणणे ही पटवेकऱ्याची कामे होत. दागिन्याचे मोल सोनाराच्या नावावर जमा झाले आणि गाठवणारा हात बहुधा अनामिक राहिला.

कोश, चित्र आणि शिल्प

संस्कृत कोशवाङ्मयात कमरेच्या अलंकारास अनेक नावे आहेत. अमरकोशात मेखला, कांची, सप्तकी, रशना आणि सारसन ही नावे स्त्रियांच्या कटिभूषणासाठी दिली आहेत, तर पुरुषांच्या कटिभूषणास शृंखल असे वेगळे नाव आहे. बारीक घंटांसाठी किंकिणी व क्षुद्रघंटिका हे शब्द त्यात येतात. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. कमरेचा अलंकार केवळ स्त्रियांचा नव्हता आणि नादासाठी घडविलेल्या लहान घंटांना स्वतंत्र संज्ञा मिळण्याइतके महत्त्व होते.

खान्देशच्या सीमेलगत असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात वाद्यवृंदासह नर्तकीचे दृश्य आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील अनेक स्त्रियांच्या कमरेवर एकापेक्षा अधिक सरांच्या मेखला दिसतात. वरचा सर अंगाबरोबर बसतो, तर खालचे सर मांडीवर झुलतात. चित्रकाराने अलंकाराची ही लय बारकाईने पाहिली होती.

पितळखोरे लेण्यांतील पुरावा याहून बोलका आहे. पाटणादेवीच्या परिसराला लागून असलेल्या या लेण्यांत सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्तीच्या हातावरील ब्राह्मी लेखात ती कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, केल्याचे नमूद आहे. दागिने घडविणारा हात दगडावरही चालत होता आणि त्याने आपले नाव कोरून ठेवले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव या परिसरात आजही वाचता येते. पुढे ज्या पट्ट्यांचा विचार करावयाचा आहे, त्यांपैकी एकावरही असे नाव नाही.

तमाशातील कमरपट्टा

महाराष्ट्रातील नृत्यवेशात कमरपट्ट्याचे सर्वांत परिचित स्थान तमाशात आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग या क्रमाने रंगणाऱ्या या लोकनाट्यात आरंभीच्या काळी स्त्रीवेश नाच्या पोऱ्याच करीत असे. पवळाबाई हिवरगावकर (१८७० ते १९३९) या तमाशात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंत मानल्या जातात. विठाबाई नारायणगावकर (१९३५ ते २००२) यांच्या काळापर्यंत नऊवारी लुगडे, पायात चाळ आणि कमरेला पट्टा हा नर्तकीचा वेश सर्वमान्य झाला होता. खान्देशातील जत्रा-यात्रांनी तमाशाला मोठा प्रेक्षकवर्ग दिला.

या कमरपट्ट्याची रचना सोनारी आहे. नक्षीच्या चकत्या किंवा जाळीदार पेट्या कड्यांनी एकमेकींत गुंतवून पट्टी तयार होते आणि पुढे फासा अथवा आकडा येतो. घरंदाज लग्नकार्यातील पट्टा चांदीचा किंवा सोन्याचा असतो, तर फडावरील पट्टा बहुधा गिलिटाचा असतो. हा पट्टा कमरेच्या सर्वांत अरुंद भागी, लुगड्याच्या निऱ्यांवर घट्ट बसतो. त्यामुळे झपाट्याच्या गिरकीतही नेसण सुटत नाही. म्हणजे तो आधी आधार आहे आणि मग अलंकार. नादाचे काम पायांतील चाळाकडे असल्यामुळे कमरपट्ट्याला नाद करण्याची गरज पडली नाही.

येथे एक सामाजिक बाब नोंदविणे आवश्यक आहे. तोच पट्टा नववधूच्या कमरेला असला की सौभाग्याचा ठरतो आणि फडावर असला की पाहणाऱ्याच्या नजरेत त्याचा अर्थ बदलतो. ‘चाळ बांधणे’ हा शब्दप्रयोग मराठीत तमाशात जाणे या अर्थी रूढ झाला आणि त्यात प्रतिष्ठेपेक्षा हेटाळणीच अधिक राहिली. वस्तू एकच, घडण एकच; परंतु बांधणारीची जात, पेशा आणि परिस्थिती यांवरून तिचे मोल ठरविले गेले.

बंजारा कंबरपट्टी : व्यापाराची दिनदर्शिका

चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या परिसरात बंजारा समाजाचे तांडे आहेत. रेल्वेपूर्व काळात बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेणे हा या समाजाचा प्रमुख व्यवसाय होता. मोगल सैन्याला रसद पुरविण्याचे काम बंजाऱ्यांनी केले. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारातही त्यांचे उल्लेख वारंवार येतात. १८६० च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा व जळगावमार्गे भुसावळला पोहोचली आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला. लोहमार्गाने बैलांच्या तांड्यांचा व्यापार मोडला. वसाहतकालीन गुन्हेगार जमाती कायद्याने (१८७१ व त्यानंतरची रूपे) अशा अनेक भटक्या समाजांवर कायमचा संशय लादला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात आज बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते.

या स्थित्यंतराचा लेखी इतिहास सरकारी कागदपत्रांत आहे, तर न लिहिलेला इतिहास बंजारा स्त्रीच्या वेशात आहे. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी आणि ओढणी हे तिच्या वेशाचे मुख्य भाग होत. फेटियाच्या कमरेकडील रुंद पट्टीवर दाट भरतकाम असते. अनेक पदरी कापडावर धावदोरा व साखळीटाका यांनी चौकोन व त्रिकोण भरावेत, मधून आरसे बसवावेत, कडेने कवड्या, मणी, नाणी आणि लोकरीचे गोंडे लावावेत, अशी ही पद्धत आहे. नाचताना स्त्रिया गोल धरून वाकतात व उठतात. त्या वेळी आरसे उजेड परतवितात आणि लोंबते भाग एकमेकांवर आपटून बारीक नाद करतात.

यांतील प्रत्येक घटक कोठून तरी आला आहे. कवडी मालदीव बेटांतून समुद्रमार्गे भारताच्या किनाऱ्यावर येई आणि दीर्घकाळ ती किरकोळ व्यवहाराचे चलन होती. ‘कवडीमोल’ व ‘फुटकी कवडी’ हे शब्द त्या व्यवहाराचीच आठवण देतात. एकोणिसाव्या शतकात चलन म्हणून कवडीचा उपयोग संपत गेला, तरी अंगावरची कवडी राहिली. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ हे त्याचे दुसरे उदाहरण होय. शिवणकामासाठी कवडीची फुगीर पाठ घासून काढतात. त्यामुळे ती कापडावर सपाट बसते आणि तिच्यातून दोरा आरपार नेता येतो.

कवडीनंतर नाणे आले. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकसमान रुपया सुरू केला. त्याचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम असून त्यात अकरा-बारांश चांदी होती. पुढील राणीछाप रुपयाही याच मानाचा होता. बँक नसलेल्या, सतत वाटेवर असलेल्या समाजाला असे नाणे एकाच वेळी चलन, चांदी व अलंकार म्हणून उपयोगी पडले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. साहजिकच जुन्या राणीछाप रुपयाचे मोल वाढले.

चांदीचा रुपया पट्टीवर लावण्यासाठी सोनाराकडे जाऊन डाख देऊन कडी बसवून घ्यावी लागे. १९४३ ते १९४७ या काळात, युद्धामुळे धातूची टंचाई असताना, सरकारने मध्यभागी भोक असलेला एक पैसा पाडला. हे नाणे कोणत्याही सोनारावाचून थेट सुईदोऱ्याने शिवता येण्याजोगे होते. १९५७ मध्ये दशमान पद्धती आल्यावर त्याचे चलनमूल्य संपत गेले, पण टाक्यात बसण्याचा त्याचा गुण कायम राहिला. काचमण्यांच्या बाबतीतही हेच दिसते. देशी मण्यांबरोबर व्हेनिस व बोहेमिया, म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताक, येथील कारखान्यांचे मणी भारतीय बाजारात येत राहिले. पुढे त्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली.

त्यामुळे एका कंबरपट्टीवरील कवडी, रुपया, भोकाचा पैसा आणि प्लॅस्टिकचा मणी हे थर क्रमाने वाचले, तर दीडदोनशे वर्षांच्या आर्थिक इतिहासाची स्थूल दिनदर्शिकाच हाती येते. ती वाचताना एक सावधगिरी हवी. जुने नाणे नव्या पट्टीवर शिवले जाते, आईच्या पट्टीवरील आरसे मुलीच्या पट्टीवर येतात. नाण्यावरील सन हा पट्टीचा सन नव्हे. त्यावरून इतकेच कळते की पट्टी त्या सनाच्या आधीची असू शकत नाही.

सातपुड्यातील बुध्या : नादाचा पट्टा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांत होळी हा आदिवासी समाजाचा सर्वांत मोठा सण आहे. पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक असलेल्या काठी येथील राजवाडी होळी विशेष प्रसिद्ध आहे. या होळीत नवस बोललेले पुरुष बावा व बुध्या बनून नाचतात. त्यापूर्वी काही दिवस ते पालणी, म्हणजे कडक व्रतनियम, पाळतात. अंगावर राख व पांढरे ठिपके, डोक्यावर बांबूचा व मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला मोठे घुंगरू किंवा वाळलेले दुधी भोपळे असा त्यांचा वेश असतो.

भोपळ्याचा हा पट्टा तंत्राच्या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. वेलावर पक्व झालेला दुधी पूर्ण वाळला की त्याची साल लाकडासारखी कठीण होते, आतला गर आक्रसतो आणि बिया सुटून खुळखुळतात. असे भोपळे दोरीने जोडून कमरेभोवती सैल बांधतात. नाचणारा उडी मारून खाली आला की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि पोकळ, खोल आवाज निघतो. पितळी घुंगरांचा आवाज तीव्र, तर भोपळ्यांचा भरीव असतो. दोन्ही मिळून ढोलाच्या ठेक्याला साथ होते. वजन कमी असल्यामुळे रात्रभर नाचूनही ते पेलता येते. याच फळापासून पाणी ठेवण्याचा तुंबा होतो आणि पावरीसारख्या वाद्यातही त्याचाच उपयोग होतो. म्हणजे स्वयंपाकघर, वाद्य आणि नृत्यवेश यांना पुरवठा करणारा वेल एकच आहे.

या पट्ट्यात बाजारातून घ्यावे लागते ते फक्त घुंगरू. तो पुरुष बांधतो आणि व्रताचा भाग म्हणून बांधतो. कमरेची सजावट म्हणजे स्त्रीदेहाचे प्रदर्शन, ही शहरी समजूत येथे लागू पडत नाही.

पोतराजाचे आभरान : सोडून दिलेला पट्टा

मरीआईचा उपासक पोतराज कमरेभोवती रंगीबेरंगी खणांच्या तुकड्यांचे आभरान नेसतो, कमरेला व पायाला घुंगरू बांधतो आणि अंगावर कोरडा ओढून घेतो. चोळखणांचे तुकडे जोडून केलेले हे वस्त्र कापडजोडणीचा उत्तम नमुना आहे. परंतु ते दलित समाजातील पुरुषाच्या अंगावर पिढीजात लादलेल्या भिक्षेचे आणि वेदनेचे चिन्हही आहे. पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाचे ‘आभरान’ हे नाव या दृष्टीने पुरेसे सूचक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर अनेक कुटुंबांनी पोतराजकी सोडली. स्त्रियांच्या बाबतीत मुंबई इलाख्यात १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने देवाला वाहण्याच्या प्रथेस बंदी घातली.

‘कला टिकली पाहिजे’ हे विधान सरसकट करता येत नाही, हे आभरानाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ज्यांनी ते उतरविले त्यांच्यासाठी उतरविणे हाच इतिहासातील निर्णायक क्षण होता. वस्तूची नोंद ठेवणे आणि प्रथा चालू ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाचे दायित्व पहिल्या गोष्टीपुरते आहे.

अरबी नृत्यातील पट्टा आणि खान्देशशी आलेला संबंध

इजिप्तमधील घवाझी या व्यावसायिक नर्तकींनाही अशाच अनुभवातून जावे लागले. मुहम्मद अली याच्या शासनाने १८३४ मध्ये त्यांना कैरोतून हद्दपार केले. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या वेशाचे वर्णन केले आहे. त्या काळी आजच्यासारखा मणीजडित पट्टा नव्हता. कटीभोवती सैल बांधलेली शाल हाच नृत्याचा कटिबंध होता. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातून हे नृत्य ‘बेली डान्स’ या नावाने अमेरिकेत गाजले. १९२६ मध्ये बदिया मसाबनी यांनी कैरो येथे आपले रंगगृह सुरू केले. रंगमंचाच्या दिव्यांत उठून दिसणारा, मणी, टिकल्या व झालरीचा पट्टा याच काळात रूढ झाला. त्यावर युरोपीय रंगभूमी आणि अमेरिकन चित्रपट यांनी रंगविलेल्या ‘पौर्वात्य’ स्त्रीच्या कल्पनेचा मोठा प्रभाव होता. आपल्याकडे हे रूप हिंदी चित्रपटांतून आले. ‘शोले’ (१९७५) मधील हेलन यांचे नृत्य त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. रंगबाजीत चित्रपटगीतांवर नाचण्याची प्रथा वाढल्यावर तमाशाच्या वेशावरही या झगमगाटाचा परिणाम झाला.

हा पट्टा कमरेवर न बसता खाली नितंबावर बसतो, कारण या नृत्याची मुख्य हालचाल तेथून होते. अस्तर लावलेल्या ताठ कापडावर मणी शिवून खाली झालर सोडतात. मण्यांची शिवण दुहेरी दोऱ्याने करून थोड्या थोड्या मण्यांनंतर मागे गाठ मारतात. त्यामुळे दोरा तुटला तरी सगळी ओळ निखळत नाही. झालर जितकी मोकळी, तितकी लहान हालचाल मोठी दिसते.

या नृत्याचा आपल्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो अमेरिकेत. १९८७ मध्ये कॅरोलिना नेरिचिओ यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेल्या नृत्यसंघातून समूहनृत्याची एक शैली रूढ झाली. ती अनेक वर्षे ‘अमेरिकन ट्रायबल स्टाइल’ म्हणून ओळखली जात होती. २०२० मध्ये संस्थेने हे नाव सोडून दिले. या शैलीच्या पट्ट्यांवर अफगाण भटक्यांचे दागिने, कवड्या, लोकरीचे गोंडे आणि भारतातील बंजारा भरतकामाचे जुने तुकडे शिवलेले असतात. जुन्या फेटिया व कांचळ्या व्यापाऱ्यांमार्फत बाहेर जातात, त्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे दुसऱ्या देशातील हस्तनिर्मित पट्ट्याची शोभा वाढवितात. त्या पट्ट्यावर नाव असते ते शेवटी शिवणाऱ्याचे. तुकड्यात महिनोन्‌महिने टाके घालणारी स्त्री ‘बंजारा’ या एका शब्दात विरून जाते.

तुलनात्मक विवेचन

वरील उदाहरणांवरून सजावटीचे तीन नियम सांगता येतात. पहिला नियम हालचालीचा. गिरकी घेणाऱ्या नर्तकीचा पट्टा घट्ट, उडी मारणाऱ्या बुध्याचा सैल आणि नितंबांच्या हालचालीवर आधारलेल्या नृत्याचा पट्टा खाली बसणारा असतो. दुसरा नियम नादाचा. जेथे नाद पायात आहे तेथे कमर शांत राहते. जेथे कमरेनेच ठेका धरायचा तेथे घुंगरू, नाणे किंवा भोपळा येतो. तिसरा नियम साहित्याचा. बाजाराशी जसा संबंध, तशी सजावट. सोनारी पट्ट्याचे साहित्य पेढीवरून येते, बंजारा पट्टीचे दूरच्या व्यापारातून येते, तर बुध्याच्या पट्ट्याचे परसातल्या वेलावरून येते.

या तीन नियमांत न बसणारी बाब म्हणजे प्रतिष्ठा. कौशल्य, वेळ आणि सौंदर्य यांच्या प्रमाणात तिची वाटणी झालेली नाही. सोनारी पट्टा वारसाहक्काने पुढे जातो, बंजारा पट्टी तुकड्यांनी विकली जाते आणि भोपळ्याचा पट्टा संग्रहालयाच्या दृष्टीने वस्तूच ठरत नाही.

अलीकडे परिस्थिती काही अंशी बदलली आहे. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० च्या सांस्कृतिक बैठकीच्या वेळी लंबाणी भरतकामाच्या १,७५५ नगांचे प्रदर्शन भरविण्यात आले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी ते नग तयार केले होते. हा सन्मान स्वागतार्ह आहे. तरीही मानांकन स्थळाला मिळते आणि विक्रम संख्येचा होतो. त्यांत करणारीचे नाव येत नाही.

निष्कर्ष

१) खान्देश व लगतच्या प्रदेशात नृत्यविषयक कमरपट्ट्याची एकच परंपरा नाही. सोनारी, शिवणाची, वनसाहित्याची आणि कापडजोडणीची अशा निदान चार परंपरा आहेत आणि त्यांपैकी दोन प्रामुख्याने पुरुषांच्या आहेत.
२) पट्ट्याची सजावट नृत्यातील हालचाल व नाद यांच्या गरजेतून ठरते. केवळ शोभेचा निकष लावल्यास तिचे तंत्र समजत नाही.
३) बंजारा कंबरपट्टीवरील कवडी, नाणे व मणी ही आर्थिक इतिहासाची साधने आहेत. त्यांचा उपयोग कालनिर्णयासाठी करताना पुनर्वापराचा विचार केला पाहिजे.
४) पोतराजासारख्या प्रथांच्या बाबतीत वस्तूची नोंद आणि प्रथेचे समर्थन यांत अंतर राखले पाहिजे. ती प्रथा सोडणाऱ्यांचा निर्णय हाही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग होय.
५) भडगाव, चाळीसगाव, पाचोरा आणि सातपुडा परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा वस्तूंची नोंदवही तयार करावी. तीत वस्तूचे छायाचित्र, साहित्य, टाक्याचा प्रकार व बोलीभाषेतील नाव यांबरोबर करणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने लिहावे. या महाविद्यालयांत तांड्यांवरून आणि पाड्यांवरून आलेले विद्यार्थी शिकत आहेत. ही माहिती त्यांच्या घरांतच आहे.

पितळखोऱ्याच्या कण्हदासाला आपले नाव दगडावर कोरता आले. कापडावर टाके घालणाऱ्या स्त्रीला ती सोय नव्हती, म्हणून तिचे नाव लिहून ठेवण्याची जबाबदारी लिहिता येणाऱ्यांवर येते.